तीन अक्षरं, एक सेकंद

२ ऑगस्ट २०१३, शुक्रवार. जपानमध्ये रात्रीचे ११ वाजून २१ मिनिटं आणि ५० सेकंद झाले होते. त्या एका सेकंदात ट्विटरवर १,४३,१९९ ट्विट्स आली. त्या काळात ट्विटरवर एरवी सेकंदाला सरासरी ५,७०० ट्विट्स यायची. म्हणजे नेहमीच्या साधारण पंचवीसपट गर्दी, आणि तीही एकाच क्षणी.

त्या रात्री कुठला निवडणुकीचा निकाल नव्हता, भूकंप झाला नव्हता, वर्ल्ड कपची फायनलही नव्हती. टीव्हीवर एक ॲनिमेशनपट लागला होता. तोही बरोबर २७ वर्षांपूर्वी, २ ऑगस्ट १९८६ ला, प्रदर्शित झालेला. टीव्हीवर दाखवला जाण्याची त्याची ही चौदावी वेळ. पुढे काय होणार हे बघणाऱ्यांना चांगलंच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर ते मोबाईल हातात घेऊन थांबले होते. पडद्यावर नायक-नायिकेने एक शब्द उच्चारला आणि त्यांच्याबरोबर हजारो लोकांनी तोच शब्द टाइप केला. ‘बारुसु’. जपानी लिपीत फक्त तीन अक्षरं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे असा आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो, सर्व्हर टिकला का? (टिकला. त्याची गोष्ट पुढे सांगतो.) पण मला जास्त छळणारा प्रश्न दुसरा आहे. एखादा सिनेमा लोकांमध्ये टिकून राहतो, तेव्हा त्याला टिकवणारी गोष्ट नेमकी कोणती असते? तो सिनेमा चांगला असतो, हे उत्तर अपुरं आहे. चांगले सिनेमे पुष्कळ असतात. त्यातल्या बहुतेकांची आपण फक्त आठवण काढतो.

आकाशातलं शहर

सिनेमाचं नाव ‘लापुता’. इंग्रजीत तो ‘कॅसल इन द स्काय’ म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक आणि लेखक हायाओ मियाझाकी, निर्माता इसाओ ताकाहाता, संगीत जो हिसाईशीचं. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडिओ जिब्लीचा हा पहिला सिनेमा.

गोष्ट थोडक्यात अशी. (सिनेमा बघायचा राहिला असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.) खाणकामगारांच्या वस्तीत राहणाऱ्या पाझू नावाच्या अनाथ मुलासमोर एका रात्री आकाशातून एक मुलगी अलगद खाली येते. तिच्या गळ्यातला दगड तिला पडू देत नाही. मुलीचं नाव शीता. तिच्या मागे समुद्री चाच्यांसारखे हवाई चाचे लागलेत, सैन्य लागलंय, आणि मुस्का नावाचा काळा चष्मा घातलेला एक सरकारी माणूस लागलाय. सगळ्यांना हवंय लापुता. ढगांच्या आड तरंगणारं, कधीकाळी साऱ्या जगावर राज्य करणारं, आणि सातशे वर्षांपूर्वी माणसांनी सोडून दिलेलं शहर. शीता त्याच राजघराण्यातली आहे.

ही मुलं लापुतावर पोचतात तेव्हा तिथे फक्त एक अवाढव्य झाड, बाग आणि त्या बागेची निगा राखणारा एक यंत्रमानव उरलेला असतो. मुलांच्या ग्लायडरखाली पक्ष्याचं घरटं आलेलं असतं, म्हणून तो ग्लायडर हळूच बाजूला करतो. पण त्याच शहराच्या पोटात अख्खी गावं भाजून काढणारं अस्त्रही शाबूत आहे, आणि मुस्काला तेच हवंय. शेवटी तो बंदूक रोखून मुलांना विचार करायला तीन मिनिटं देतो. शीताला आजीने लहानपणी एक मंत्र शिकवलेला असतो, सगळ्याचा नाश करणारा. पाझू आणि शीता दगड हातात धरतात, हात एकमेकांत गुंफतात आणि म्हणतात, ‘बारुसु’. शहर कोसळतं. पण झाड वाचतं आणि आपल्या मुळांत बाग धरून उंच उंच निघून जातं.

थिएटरमध्ये हा सिनेमा सुमारे पावणेआठ लाख लोकांनी बघितला. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण मियाझाकीच्या आधीच्या ‘नाउसिका’ला (१९८४) नऊ लाखांच्या वर प्रेक्षक मिळाले होते. नव्या स्टुडिओच्या पहिल्याच सिनेमाला आधीपेक्षा कमी लोक आले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कुणी म्हटलं असतं, की याच सिनेमातल्या एका शब्दाने पुढे जगातलं एक बलाढ्य यंत्र कसाला लागणार आहे, तर लोक हसले असते.

हे शहर आलं कुठून?

लापुता हे नाव मियाझाकीचं नाही. ते जोनाथन स्विफ्टचं. १७२६ मध्ये आलेल्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या तिसऱ्या भागात लापुता नावाचं चुंबकावर तरंगणारं बेट आहे. आपण लहानपणी वाचलेल्या संक्षिप्त पुस्तकात बहुधा बुटक्यांचा आणि राक्षसांचाच देश असतो, त्यामुळे हा भाग निसटतो. त्या बेटाचा राजा खालच्या बंडखोर गावांना शिक्षा कशी देतो? बेट त्या गावावर आणून उभं करतो. ऊन बंद, पाऊस बंद. तरीही ऐकलं नाही तर वरून दगड, आणि शेवटचा उपाय म्हणजे अख्खं बेटच गावावर उतरवायचं. वर बसलेल्यांची खाली राहणाऱ्यांवरची सत्ता, हीच त्या कल्पनेची गंमत आणि हेच तिचं विष. आणखी एक मजा म्हणजे याच तिसऱ्या भागात गलिव्हर जपानलाही जातो. त्याच्या प्रवासातल्या देशांपैकी तेवढाच एक खराखुरा देश.

दुसरा धागा वेल्सचा. १९८४ मध्ये मियाझाकी तिथे गेला, तेव्हा ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांचा मोठा संप चालू होता. पुढच्या वर्षी तो सिनेमाच्या तयारीसाठी पुन्हा गेला. तोवर कामगार हरले होते. आपलं काम आणि आपली वस्ती वाचवण्यासाठी ते ज्या जिद्दीने लढले, त्याबद्दलचा आदर त्याने नंतर बोलून दाखवला आहे. पाझूची वस्ती बघा. दरीच्या कडेला चिकटलेली घरं, हाती फारसं काही न लागणारी खाण, आणि तरीही अनोळखी मुलीसाठी चाच्यांशी दोन हात करायला रस्त्यावर उतरणारे कामगार. वर सगळं जग चिरडू शकणारं शहर, खाली ही माणसं.

आणि तिसरा धागा आपल्या ओळखीचा. मुस्का लापुताच्या अस्त्राचा स्फोट करून दाखवतो, तेव्हा तो बायबलमधल्या जळून गेलेल्या शहरांचं नाव घेतो आणि सांगतो की रामायणात ज्याला इंद्राचा बाण म्हटलंय, तो हाच. हे ऐकून आपले कान टवकारतात. रामायणात लक्ष्मण इंद्रजिताला मारतो ते ऐंद्रास्त्रानेच, त्यामुळे मुस्काने अगदीच हवेत बाण मारलेला नाही.

मला मात्र या सिनेमामुळे आपल्याकडची दुसरीच गोष्ट आठवते. मियाझाकीच्या डोक्यात ती होती असा माझा दावा नाही. त्रिपुरासुराची गोष्ट. सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं अशी तीन उडती नगरं. ती तिन्ही एका रेषेत येतील त्या क्षणीच, एकाच बाणाने नष्ट होतील असं वरदान. शंकर वाट बघतो, तो क्षण येतो, बाण सुटतो. आणि आपण काय करतो? दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा पाजळतो, घाटांवर पणत्या लावतो. उडती नगरं जळाली, त्या घटनेचा आपल्याकडे सण झालाय. गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. दिवे लावायला माणसं जमतात ती गोष्ट पुन्हा एकदा घडवायला.

शुक्रवारी रात्री नऊ वाजता

लापुताचा सण झाला तो टीव्हीमुळे. निप्पॉन टेलिव्हिजन या वाहिनीवर १९८५ पासून दर शुक्रवारी रात्री नऊ वाजता सिनेमा दाखवायची पद्धत आहे. १९८८ पासून या वाहिनीने ‘लापुता’ साधारण दर दोन-तीन वर्षांनी दाखवला. बहुतेक जपानी माणसांनी तो थिएटरमध्ये पाहिलेलाच नाही. त्यांनी तो घरी, जेवणं आटोपल्यावर, मध्ये जाहिराती झेलत, आईबाप आणि भावंडांबरोबर बघितला. १९८८ मध्ये सात वर्षांचं असलेलं पोर २०१३ मध्ये बत्तीस वर्षांचं होतं. कदाचित त्याच्या मांडीवर त्याचं स्वतःचं पोर होतं.

जिब्लीचे इतर सिनेमे याहून गाजले. ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळालं. २००३ मध्ये तो पहिल्यांदा टीव्हीवर आला तेव्हा त्याचं रेटिंग ४६.९ टक्के होतं. तोतोरो तर स्टुडिओचं बोधचिन्हच आहे. पण लोक एकाच वेळी एकच कृती करतील अशी जागा त्या सिनेमांत नाही. ती ‘लापुता’त आहे. मंत्र लहान आहे. तो दोघांनी मिळून म्हणायचा आहे. आणि मुस्का तीन मिनिटांची मुदत देतो, म्हणजे उलटी मोजणी सिनेमाने स्वतःच लावून दिली आहे. बघणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. ‘बारुसु’ म्हणायला गाता यावं लागत नाही, नाचता यावं लागत नाही, फॅन असण्याचा पुरावा द्यावा लागत नाही.

इंटरनेट आल्यावर या जागेचा शोध लागला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘टू-चॅनल’ या निनावी चर्चाफलकावर लोक टीव्ही बघता बघता गप्पा मारायचे. ‘लापुता’ लागला की ठरलेल्या क्षणी सगळे ‘बारुसु’ लिहायचे आणि सर्व्हर आडवा व्हायचा. नाशाचा मंत्र म्हटला आणि खरंच काहीतरी कोसळलं, याचीच तर मजा होती. लोकांनी याला नावच ठेवलं, ‘बारुसु मात्सुरी’. मात्सुरी म्हणजे जत्रा, उत्सव.

पुढे ही जत्रा ट्विटरवर आली. ९ डिसेंबर २०११ च्या प्रक्षेपणात आकडा गेला सेकंदाला २५,०८८ वर. त्याआधीचा विक्रम त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला, बियॉन्सेने एका पुरस्कार सोहळ्यात आपण आई होणार असल्याचं जाहीर केलं तेव्हाचा. तो होता ८,८६८. म्हणजे पंचवीस वर्षं जुन्या सिनेमाने तो जवळपास तिपटीने मोडला. २०१३ च्या नववर्षाच्या क्षणी हा आकडा ३३,३८८ झाला. आणि मग ती ऑगस्टची रात्र.

सर्व्हर का पडला नाही

इथे थोडं यंत्राच्या पोटात जाऊ. अवघड काही नाही, दुकानाच्या वहीचं उदाहरण पुरेल.

२०१० मध्ये ट्विटरची अवस्था नाजूक होती. फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता आणि प्रत्येक गोलला साइट धापा टाकायची. जपानने डेन्मार्कला हरवलं तेव्हा सेकंदाला ३,२८३ ट्विट्स आली, आणि तो तेव्हाचा विक्रम होता. त्या स्पर्धेत ट्विटर अनेकदा बंद पडलं. ट्विट्स साठवण्याची तेव्हाची पद्धत साधारण अशी होती: एक वही घ्या, आजच्या सगळ्या नोंदी तिच्यात करा, भरली की पुढची वही. रोजच्या गिऱ्हाइकांना हे चालतं. पण सगळं गाव एकाच सेकंदाला दुकानात शिरलं तर? कपाटातल्या जुन्या वह्या निवांत पडून असतात आणि सगळ्यांना त्याच एका वहीत लिहायचं असतं.

उपाय दिसायला सोपा आहे. दहा काउंटर उघडा, दहा वह्या ठेवा. पण मग पावती क्रमांकाचं काय? प्रत्येक काउंटरने दुसऱ्याला विचारून नंबर द्यायचा ठरवला तर पुन्हा रांग लागते. यासाठी ट्विटरने २०१० मध्ये ‘स्नोफ्लेक’ नावाची युक्ती काढली. ६४ बिटांचा क्रमांक, त्यातले ४१ बिट मिलिसेकंदात मोजलेल्या वेळेसाठी, १० बिट काउंटरच्या ओळखीसाठी आणि १२ बिट त्या मिलिसेकंदातल्या अनुक्रमासाठी. कुणी कुणाला न विचारता नंबर देतो आणि दोन नंबर कधी सारखे येत नाहीत. याबरोबरच रुबी ऑन रेल्सवर उभा असलेला एकच एक अवाढव्य प्रोग्रॅम फोडून त्याच्या छोट्या छोट्या सेवा करण्यात आल्या. लॉगिनची वेगळी, टाइमलाइनची वेगळी, ट्विट्सची वेगळी. एकाला दम लागला तरी बाकीच्यांनी कोसळू नये म्हणून. मशिनंही आधीपेक्षा कितीतरी कमी लागायला लागली.

हे काम काही वर्षं चाललं आणि त्याची परीक्षा झाली २ ऑगस्टच्या रात्री. १,४३,१९९. ट्विटरच्या अभियंत्यांनी नंतर अभिमानाने लिहिलं, की त्या क्षणी वापरणाऱ्यांना साधा झटकाही जाणवला नाही.

या आकड्याचं मला एवढं अप्रूप का, तेही सांगतो. दिवसाला पन्नास कोटी ट्विट्स यायची त्या काळात, त्यांच्यापुढे दीड लाख म्हणजे काहीच नाही. सिस्टिम दमते ती संख्येमुळे कमी आणि एकाच वेळी येण्यामुळे जास्त. आमच्या कामातला मोठा भाग ही एकाच वेळची गर्दी पांगवण्याचा असतो. रांगा लावा, कॅशे ठेवा, अर्ध्यांना दोन सेकंद थांबवा. माणसांचा प्रयत्न नेमका उलटा असतो. आरती, नाटकातली टाळी, शेवटच्या चेंडूवरचा गल्लीभर आवाज, या सगळ्यात आपण सगळे एकाच क्षणी असावं यासाठीच धडपडत असतो. यंत्राला जी आपत्ती वाटते, तिला माणसं उत्सव म्हणतात.

हवा तेव्हा बघता येणारा सिनेमा

१ फेब्रुवारी २०२० ला जिब्लीचे सिनेमे नेटफ्लिक्सवर यायला लागले. अमेरिका, कॅनडा आणि जपान वगळून. भारतात आपल्यापैकी अनेकांची जिब्लीशी ओळख झाली ती अशी, आणि पहिल्याच खेपेत ‘लापुता’ होता. ही सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता, बसमध्ये, जेवताना, कधीही बघा. पण यात ‘बारुसु’चा क्षण प्रत्येकाचा वेगळा असतो. तुमचा मंगळवारी दुपारी, माझा पुढच्या महिन्यात. एकच सिनेमा लाखो लोक बघतात आणि कुणीच कुणाच्या सोबत नसतं.

जपानमध्ये मात्र जिब्लीचे बहुतेक सिनेमे अजून स्ट्रीमिंगवर नाहीत. ते बघायचे तर डिस्क आणा, नाहीतर शुक्रवारची वाट बघा. ‘लापुता’ २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लागला, २०२४ च्या ऑगस्टमध्येही. मधल्या काळात, २०२३ मध्ये, निप्पॉन टेलिव्हिजनने स्टुडिओ जिब्लीच विकत घेऊन आपली उपकंपनी केली. ट्विटरचं नाव त्याच वर्षी बदललं आणि ज्या अभियंत्यांनी तो रात्रीचा भार पेलला होता, त्यांची कंपनी ओळखू येईनाशी झाली. इतक्या मेहनतीने बांधलेलं यंत्र दहा वर्षांत दुसऱ्या कुणाचं झालं. तीन अक्षरांचा शब्द लोकांकडेच राहिला.

सिनेमा जे सांगतो ते यापेक्षा फार वेगळं नाही. शीता मुस्काला सुनावते की मातीपासून तुटून कुणाला जगता येत नाही, कितीही यंत्रं हाताशी असली तरी. सातशे वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांनी ते शहर सोडलं होतं, आणि मुस्काला तो इतिहास कळूनही वळत नाही. त्याला साठवलेली ताकद हवी असते. मुलांकडे एक दगड, एक शब्द आणि एकमेकांचा हात असतो. आणि तो शब्द म्हणताना आपणही वाचणार नाही याची त्यांनी मनाशी तयारी केलेली असते.

‘लापुता’ टिकला तो बघणाऱ्यांना करायला काहीतरी मिळालं म्हणून, आणि ते करायची वेळ कुणीतरी ठरवून दिली म्हणून. तोक्योजवळ मिताका इथे जिब्लीचं संग्रहालय आहे. त्याच्या गच्चीवर त्या यंत्रमानवाचा सुमारे पाच मीटर उंच पुतळा आहे, भोवती झाडी वाढलेली. सिनेमातही त्याचं काम एवढंच असतं. मालक निघून गेले तरी बाग मरू द्यायची नाही.

तुमच्या मित्रमंडळींत कुणी ‘लापुता’ बघितला नसेल तर त्याला लिंक पाठवू नका. शुक्रवार ठरवा, रात्रीचे नऊ. वेगवेगळ्या शहरांत असाल तर मोजून एकाच वेळी प्ले दाबा. मुस्का तीन मिनिटं देईल तेव्हा मोबाईल हातात असू द्या.